मुस्तफा गेमचा सातबारा

छत्रपती संभाजीनगरात उस्मानपुऱ्याच्या बाजूला बौद्धिक संपदेची कामे करणारे एक छोटे वकिली कार्यालय आहे. जुन्या व्हिडिओ गेमचे हक्क आज कोणाकडे आहेत याचा शोध घेऊन लेखी अहवाल देण्याचे काम मी गेल्या वर्षी त्यांच्याकडे सोपवले होते, आणि त्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. त्यांच्या पहिल्या अहवालाबद्दल मला पुढे कडक शब्दांत लिहायचे आहे, आणि नंतर त्यांनी ती चूक जादा पैसे न घेता दुरुस्तही केली आहे. नाव घेतले तर लोकांच्या लक्षात पहिलीच बाजू राहील.

काम काय होते ते आधी सांगतो. मी चहा-नाश्त्याचे एक छोटे कॅफे चालवतो. माझे बालपण परभणीत गेले. नव्वदच्या दशकात मराठवाड्यात जे वाढले त्यांना बसस्थानकाजवळचे व्हिडिओ गेम पार्लर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. रुपयाला एक टोकन मिळे, पडद्यासमोर एक खेळणारा आणि त्याच्या मागे पाच सल्ला देणारे उभे असत, आणि सगळ्यांना हवा असलेला गेम एकच होता, 'मुस्तफा'. त्या गेमचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. चार पात्रांपैकी मुस्तफा चपळ होता, म्हणून त्याला घेण्यासाठी भांडणे होत, आणि त्याच्याच नावाने अख्खा गेम ओळखला जाई.

ते पार्लर केव्हाच बंद झाले. पण ते चालवणाऱ्या चाचांच्या गोदामात एक मशीन धूळ खात पडले होते, ते मी आठ हजारांना उचलून आणले आणि कॅफेच्या कोपऱ्यात ठेवले. पडद्याची दुरुस्ती चालू असताना माझे हिशेब पाहणारे सीए मित्र चहा पीत म्हणाले, "मशीन तुमचं झालं, पण गेम तुमचा झाला का? गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन खेळायला देणार असाल तर कोणाला तरी विचारावं लागेल की नाही?" कोणाला विचारावे, हे त्यांनाही माहीत नव्हते. तेथून हे कार्यालय सापडले.

आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना नुसता सातबारा पाहून कोणी शहाणा माणूस थांबत नाही. फेरफार काढले जातात, मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक काढावे लागते, आणि त्याच्याही मागे जायचे झाले तर निजामकाळातले उर्दू कागद वाचणारा माणूस शोधावा लागतो. जुन्या गेमच्या हक्कांची गोष्ट फार वेगळी नाही. फक्त तिथे तलाठी नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे, त्यामुळे नोंदवहीत एखादे नाव सापडले नाही म्हणून त्या वस्तूला मालक नाही असे म्हणता येत नाही. परदेशी कृतींनाही १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेशामुळे इथे संरक्षण आहे. म्हणून अशा शोधाची किंमत मालक म्हणून छापलेल्या एका नावात नसते. पहिल्या निर्मात्यापासून आजच्या धारकापर्यंत हक्क कोणत्या कागदाने गेला, आणि मधला कोणता कागद हाती नाही, हे किती प्रामाणिकपणे दाखवले आहे त्यावर ती ठरते. मी या सेवेला त्याच मापाने मोजले आहे.

तीन गेमचे मिळून साडेनऊ हजार रुपये ठरले, मुदत सहा आठवड्यांची. मुस्तफाबरोबर मी शाळेच्या संगणक कक्षातले दोन सोबती दिले होते, 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि 'डेंजरस डेव्ह', कारण कोपऱ्यात एक जुना संगणकही ठेवायचा विचार होता. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलेले प्रश्न चांगले होते. मशीन कोणाकडून घेतले, पावती आहे का, चालू केल्यावर पहिल्या पडद्यावर कॉपीराइटच्या कोणत्या ओळी दिसतात, आणि आतल्या बोर्डाचा फोटो मिळेल का. शेवटचा प्रश्न मला फाजील वाटला होता, पण सगळ्यात जास्त उलगडा त्याच प्रश्नाने झाला.

मशीनचे मागचे दार उघडायला मी आमच्या मिस्त्रींना बोलावले. आत धुळीचा थर, जळमटे, मुंग्यांनी पोखरलेला प्लायवूडचा कोपरा, आणि तळाशी कधीतरी आत घरंगळलेली तीन टोकने. बोर्ड बाहेर काढून त्यांनी ब्रशने साफ केला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "दादा, याच्यावर बॅटरी कुठंय?" कॅपकॉम कंपनीने हा गेम १९९३ मध्ये काढला तेव्हा मूळ बोर्डावर एक छोटी बॅटरी होती, नक्कल टाळण्यासाठीची सांकेतिक माहिती तिच्या जोरावर टिकून राहत असे, आणि बॅटरी संपली की बोर्ड चालेनासा होत असे. माझ्या बोर्डावर बॅटरी नव्हती, बॅटरीची जागाही नव्हती, आणि तरी गेम तीस वर्षांनी व्यवस्थित सुरू होत होता. म्हणजे तो कोणीतरी बनवलेला नकली बोर्ड होता. परभणीत आम्ही रुपया-रुपया टाकून जे खेळलो ते बहुधा पहिल्या दिवसापासून नकलीच होते, ही गोष्ट मला अजून थोडी खुपते. असो. कार्यालयाच्या दृष्टीने एक प्रश्न मात्र तिथेच निकाली निघाला होता, की या मशीनच्या मालकीबरोबर खेळवण्याचा कोणताही परवाना माझ्याकडे आलेला नाही.

इतकी चांगली सुरुवात झाल्यावर पहिला अहवाल आला तो पाहून मी थक्क झालो. सहा आठवड्यांच्या ठिकाणी नऊ आठवडे लागले होते आणि हाती दीड पान होते. मुस्तफासमोर लिहिले होते, 'हक्कधारक: कॅपकॉम.' प्रिन्स ऑफ पर्शियासमोर लिहिले होते की गेमची मूळ संहिता (सोर्स कोड) लेखकाने स्वतः इंटरनेटवर खुली केलेली असल्याने वापरास अडचण दिसत नाही. डेंजरस डेव्हसमोर भारतीय ट्रेडमार्क नोंदवहीत नाव आढळले नाही एवढी एक ओळ होती, आणि तिच्यावरून 'जोखीम कमी' असा निष्कर्ष. तिन्ही ओळी वाचायला सोप्या होत्या आणि तिन्ही भरवशाच्या नव्हत्या. मला कायदा कळत नाही, पण गेम कळतात. दुसरी ओळ वाचताच मी फोन केला.

त्या ओळीचे चुकले काय ते सांगतो, कारण ही चूक सर्रास होते. प्रिन्स ऑफ पर्शिया जॉर्डन मेकनर यांनी ॲपल २ संगणकासाठी लिहिला आणि तो १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने प्रकाशित केला. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात मूळ संहितेच्या फ्लॉपी सापडल्या, त्यांतला मजकूर जाणकारांच्या मदतीने उतरवून घेतला गेला आणि मेकनर यांनी तो सर्वांना वाचण्यासाठी ठेवला. पण त्यासोबतच्या टिपणात त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की संहिता अभ्यासायला, तिच्यात फेरबदल करून पाहायला त्यांची हरकत नाही. मात्र याने प्रिन्स ऑफ पर्शियाचे कोणतेही हक्क कोणाला दिले जात नाहीत, आणि त्या नावाचे गेम काढण्याचा व विकण्याचा अधिकार फक्त युबिसॉफ्ट या गेम कंपनीला आहे. हे टिपण संहितेच्या अगदी शेजारीच ठेवलेले आहे. ते न वाचता 'अडचण दिसत नाही' असे लिहून देणे म्हणजे वाड्याचे दार उघडे दिसले म्हणून वाडा सार्वजनिक समजण्यासारखे आहे.

फोनवर मुख्य वकीलसाहेबांनी आधी थोडी टाळाटाळ केली. "साहेब, तुम्ही कामाला पैसे घेतलेत, अंदाजाला नाही," असे मी म्हटल्यावर ते क्षणभर गप्प राहिले, मग त्यांनी फाइल त्यांच्याकडच्या कनिष्ठ वकील मॅडमकडे दिली आणि नवा अहवाल बिनाशुल्क देण्याचे कबूल केले. तो पाच आठवड्यांनी आला. पाने बावीस होती, आणि पानांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्याची मांडणी वेगळी होती. हक्काच्या प्रत्येक टप्प्यासमोर तीनपैकी एक शेरा होता: 'कागद पाहिला', 'जाहीर माहितीवरून' किंवा 'दुवा सापडला नाही'. या एका रकान्यासाठी मी त्या मॅडमना शंभरपैकी नव्वद गुण देईन. पहिल्या अहवालात अज्ञानाला 'जोखीम कमी' असे नाव दिले होते. दुसऱ्यात रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवली होती.

मुस्तफावरचे प्रकरण सगळ्यात सरस उतरले आहे. गेमचा प्रोग्रॅम, चित्रे आणि संगीत कॅपकॉमचे, हे खरेच. पण त्यातले जग आणि माणसे कॅपकॉमची नाहीत. अमेरिकी चित्रकार मार्क शुल्ट्झ यांनी १९८६ मध्ये एका चित्रकथेपासून सुरू केलेल्या 'झेनोझोइक टेल्स' या मालिकेतून ती आली. तिचे अंक १९८७ पासून किचन सिंक प्रेसने काढले, आणि १९९३ मध्ये तिच्यावर सीबीएस वाहिनीवर कार्टून मालिकाही आली. आमचा मुस्तफा हा मुळात त्या कॉमिकमधला मुस्तफा कैरो. म्हणजे कॅपकॉमने हा गेम दुसऱ्याच्या पात्रांवर, परवाना घेऊन बनवला होता, आणि परवान्याला मुदत असते. त्यात शीर्षकातला 'कॅडिलॅक' हा शब्द जनरल मोटर्सच्या मोटारीचे नाव. एका मशीनसाठी तीन दारे वाजवावी लागतील, असा मॅडमच्या अहवालाचा निष्कर्ष होता, आणि त्यातल्या एकाने दार उघडले म्हणून उरलेली दोन आपोआप उघडत नाहीत, हेही त्यात नोंदवले होते.

याला आधार म्हणून त्यांनी जे दाखवले ते मला फार पटले. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या गेमचा एक संच काढला. त्यात 'फायनल फाइट', 'कॅप्टन कमांडो', 'नाइट्स ऑफ द राउंड' यांसह सात गेम होते, पण मुस्तफा नव्हता. मुस्तफाच्याच साली, म्हणजे १९९३ मध्ये आलेला आणि मार्व्हलच्या पात्रावर बेतलेला 'द पनिशर'ही नव्हता. एका जपानी कॉमिकवर बेतलेला 'वॉरियर्स ऑफ फेट' सोडला तर संचातले गेम परक्या कॉमिकच्या किंवा चित्रपटाच्या परवान्यावर उभे नव्हते, हे लक्षात घेतले की मुस्तफा का गाळला गेला याचा अंदाज येतो. पुढे २०२४ मध्ये कॅपकॉमने मार्व्हलच्या पात्रांचे जुने गेम एकत्र आणले तेव्हा 'द पनिशर' परत आला. म्हणजे बंद दार पुन्हा उघडू शकते, पण त्यासाठी दोन्ही पक्षांना टेबलावर बसावे लागते, आणि माझ्या कोपऱ्यातल्या एका मशीनसाठी कोणी बसणार नाही. हे शेवटचे वाक्य माझे आहे, अहवालातले नाही. अहवाल अधिक सभ्य भाषेत तेच सांगतो.

प्रिन्स ऑफ पर्शियाच्या बाबतीत दुरुस्ती पूर्ण झाली आहे. ब्रॉडरबंड १९९८ मध्ये लर्निंग कंपनीने घेतली, लर्निंग कंपनी १९९९ मध्ये मॅटेलकडे गेली, आणि तिथल्या करमणुकीच्या गेमचा व्यवसाय २००१ मध्ये युबिसॉफ्टकडे आला. एवढे हात बदलूनही मूळ निर्मितीचा हक्क मेकनर यांनी स्वतःकडे ठेवला होता, म्हणून युबिसॉफ्टला २००३ च्या नव्या गेमसाठी त्यांच्याशी वेगळा करार करावा लागला. प्रकाशक विकला गेला की त्याच्या यादीतले सगळे आपोआप खरेदीदाराचे होते, हा समज किती फसवा आहे हे या उदाहरणावरून कळते. डेंजरस डेव्हचे प्रकरण मात्र त्रोटक आहे. जॉन रोमेरो यांनी तो १९८८ मध्ये ॲपल २ साठी, फ्लॉपीवर निघणाऱ्या एका नियतकालिकाकरता लिहिला आणि आपल्या शाळांत पोहोचलेली डॉस आवृत्ती सॉफ्टडिस्क कंपनीकरता १९९० मध्ये झाली, एवढे सांगून पुढच्या हस्तांतरासमोर 'दुवा सापडला नाही' असा शेरा आहे. आणखी खोलात जायला हवे होते, असे मला वाटते.

अहवालाचे प्रास्ताविक ज्यांना असा शोध करायचा आहे त्यांनी मागून घेऊन वाचावे असे आहे. त्यात दोन जुनी प्रकरणे शेजारी-शेजारी मांडली आहेत. 'सिस्टम शॉक २' हा १९९९ चा गेम बनवणारी लुकिंग ग्लास कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि तिचे हक्क फिरत-फिरत एका विमा कंपनीच्या ताब्यात जाऊन पडले. नाइटडाइव्ह नावाची कंपनी उभी करणाऱ्या स्टीफन किक यांनी त्या विमा कंपनीचा माग काढला, बोलणी केली, आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आला. त्याच नाइटडाइव्हने पुढे 'नो वन लिव्हज फॉरएव्हर' या २००० च्या गेमला हात घातला तेव्हा तो त्यांच्या अंगाशी आला. गेम बनवणारी मोनोलिथ २००४ मध्ये वॉर्नरकडे गेली होती. प्रकाशक फॉक्स इंटरॅक्टिव्ह २००३ मध्ये विवेंडीने घेतला होता, आणि विवेंडीचा गेम विभाग २००८ मध्ये ॲक्टिव्हिजनमध्ये मिळाला होता. नाइटडाइव्हने २०१४ मध्ये ट्रेडमार्कसाठी अर्ज केला तर वॉर्नरने विरोध केला. ॲक्टिव्हिजनकडून उत्तर आले की आमच्याकडे काही हक्क असतीलही, पण ते कागद संगणकात साठवण्याच्या आधीच्या काळातले आहेत. म्हणजे कुठल्यातरी खोक्यात. २०१५ मध्ये नाइटडाइव्हने तो नाद सोडला. आपल्याकडे असे काही आहे हे ज्यांना नक्की सांगता येत नाही, ते दुसऱ्याला मात्र नक्की अडवू शकतात, ही गंमत वाटणीचे दावे पाहिलेल्या मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

कायद्याच्या भागात दोन गोष्टी मला नव्या होत्या. हक्काचे हस्तांतर लेखीच असावे लागते, आणि भारतीय कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. दुसरे म्हणजे कलम ३१अ. मालकाचा शोध घेऊनही तो सापडत नसेल तर सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे वाचून माझ्या आशा उगाच पल्लवित झाल्या होत्या, पण मॅडमनी तिथेच समासात लिहिले होते की मुस्तफाचा मालक 'सापडत नाही' असे म्हणताच येणार नाही. मालक सापडतात, ते परवानगी देत नाहीत किंवा उत्तर देत नाहीत, आणि ती वेगळी गोष्ट आहे. गेमच्या दृश्यभागाला चित्रपटासारखे धरले तर प्रकाशनानंतरची ६० वर्षे म्हणजे २०५३ अखेरपर्यंत वाट पाहावी लागेल. तोवर माझी पंच्याहत्तरी उलटलेली असेल.

आता तक्रारी. मुदत दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा फोन मलाच करावा लागला. अहवाल फक्त इंग्रजीत होता. मराठी सारांश मागितल्यावर तो चार दिवसांत मिळाला, पण आपल्या भागातल्या ग्राहकाला तो मागावा लागू नये. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाकडून अधिकृत शोध करून घेता येतो, त्याला ताशी २०० डॉलर आणि किमान दोन तासांचे शुल्क पडते, हे मला पैसे भरल्यानंतर कळले. आधी सांगितले असते तर मी तीनऐवजी एकच गेम दिला असता आणि त्याचा शोध तळापर्यंत नेला असता. १९७८ पासूनच्या नोंदी कोणालाही घरबसल्या पाहता येतात, तेवढेच त्यांनी पाहिले आहे. भारतीय ट्रेडमार्क नोंदवहीत त्यांनी वर्ग ९, २८ आणि ४१ (सॉफ्टवेअर, खेळ-खेळणी आणि करमणूक यांचे) तपासले, ते बरोबर केले, पण नाव नोंदलेले नसणे आणि गेम मोकळा असणे यांतला फरक पहिल्याच अहवालात कळायला हवा होता.

ज्यांना फक्त कुतूहल आहे त्यांनी साडेनऊ हजार घालवू नयेत. पहिल्या पडद्यावरच्या ओळी, प्रकाशकाच्या विक्रीचा इतिहास आणि ट्रेडमार्कची नोंदवही पाहून निम्मे चित्र घरीच तयार होते. ज्यांना जुन्या गेमवर पैसे लावायचे आहेत, म्हणजे पार्लर, प्रदर्शन किंवा नवी आवृत्ती काढायची आहे, त्यांनी या कार्यालयाकडे जावे, मात्र काम वकील मॅडमच करणार हे लिहून घ्यावे आणि पहिल्या मसुद्यात तीन शेऱ्यांचा तो रकाना असलाच पाहिजे अशी अट घालावी. मी पुन्हा गेलो तर एवढे नक्की करीन.

एक पर्याय मी त्यांच्याकडून तपासून घेतला होता. २०१८ चा तो संच विकत घेऊन मशीनमध्ये चालवावा, असे माझ्या मनात आले होते. मॅडमनी संचाच्या अटी काढून दाखवल्या. ऑनलाइन विकत घेतलेला गेम वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी असतो. कॅफेत पैसे घेऊन खेळवणे त्यात बसत नाही. कॅपकॉमला आणि शुल्ट्झ यांना लिहायच्या पत्रांचे मसुदे अहवालाच्या शेवटी जोडलेले आहेत. ती पाठवून पाठपुरावा करण्याची फी वेगळी, प्रत्येकी तीन हजार. शुल्ट्झ यांचे पत्र मी पाठवायला सांगितले आहे, कारण मुस्तफा मुळात त्यांचा. कॅपकॉमचे अजून ठेवून दिले आहे. नकली बोर्ड मिस्त्रींनी काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आहे, मशीनच्या काचेमागे सध्या पांढरा दिवा आणि चहा-नाश्त्याचे दरपत्रक आहे, आणि ऑर्डर येईपर्यंत पोरे खालची बटणे बडवत बसतात.